जेठी सकाळी का रुसते

१

"मिस्त्रीकाका, आमच्या जेठीचा खरा स्टार्टर तुम्ही ठेवून घेतलात का?"

प्रश्न माझ्या तोंडून गेला, पण हिंमत पैजेपुरती उसनी होती. डोल्मा आणि स्मारिका, माझ्या वर्गातल्या मैत्रिणी, नाल्याच्या अलीकडे, म्हणजे भारतात, कान टवकारून उभ्या होत्या. मी नाल्याच्या पलीकडे, म्हणजे नेपाळात, लाक्पा मिस्त्रींच्या गॅरेजच्या दारात. मध्ये एक बुटका पूल आणि वीस पावलं. मानेभंज्यांगमध्ये घरातलं मीठ संपलं तरी आम्ही दुसऱ्या देशात जाऊन येतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण गेले दहा दिवस आमच्या घरातल्या कुणी ही वीस पावलं टाकली नव्हती. आपांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तशी शपथच घातली होती.

पैजेचं असं झालं. गेल्या महिन्यात मी दार्जिलिंगला वादविवाद स्पर्धेत पहिली आले. त्याआधी मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा पुढच्या मुलीच्या पाठीआड तोंड लपवायचे, त्यामुळे बक्षीस मिळाल्यापासून मी जरा जास्तच बोलते, असं सगळ्यांचं मत आहे. स्मारिका म्हणाली की माइकसमोर कुणीही बोलेल, माइक काही उलट बोलत नाही. खरी वाघीण असशील तर सगळं गाव ज्याबद्दल कुजबुजतंय ते त्या माणसाच्या तोंडावर विचार. डोल्मानं वर मीठ चोळलं, "जाऊ दे गं, बिपना पुलावरूनच परत येईल."

म्हणून मी गेले.

लाक्पाकाका कानस घेऊन कसलंसं दातेरी चाक घासत बसले होते. सत्तरीचा माणूस, दोन्ही हातांच्या रेषा काळ्या तेलानं कायमच्या गोंदलेल्या. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून नटबोल्ट मोजायला शिकले. ते चिडतील, निदान कानस तरी आपटतील असं वाटलं होतं. त्यांनी गालातली छुर्पी, ते याकच्या दुधाचं टणक चीज, या बाजूची त्या बाजूला केली आणि शांतपणे म्हणाले, "चोरला असता तर बरं झालं असतं, कांछी. चोरलेली वस्तू परत देऊन भांडण मिटवता येतं. मी काही घेतलंच नाही, तर परत काय देऊ?"

माझी सगळी वाघीण पायांतून खाली गेली.

ते पुढं म्हणाले, "तुझ्या बाजेंनी त्या स्टार्टरच्या पोटावर खिळ्यानं चंद्रकोर कोरली होती. पन्नास वर्षं झाली असतील. तुझ्या आपालाही ठाऊक नसेल, कारण तो त्या बाजूनं कधी बघत नाही. गाडीखाली जा आणि बघ. कोर नसली तर ये, मी स्वतः तुझ्याबरोबर पोलिसांकडे येतो."

"आणि असली तर?"

"मग तुझं काम वाढलं," असं म्हणून त्यांनी कानस पुन्हा चालू केली.

२

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते.

जेठी म्हणजे आमची लँड रोव्हर, एकोणीसशे चोपन्नची. आपांच्या वडिलांनी, म्हणजे बाजेंनी, ती चहाच्या मळ्यातून आणली तेव्हा आपा जन्मायचे होते. आजी म्हणायची, घरातली थोरली लेक हीच. थोरली म्हणून जेठी, आणि नात्यानं माझी आत्या. संदकफूच्या चढावर जिथं नव्याकोऱ्या गाड्या फॅ-फॅ करत थांबतात तिथं माझी ही सत्तरीची आत्या दगडांवरून शेळीसारखी चढते. तिचं छप्पर कापडाचं आहे आणि खिडक्या वाऱ्याच्या मर्जीच्या, पण तिच्यात बसून सूर्योदय बघितलेले लोक दूरदूरच्या शहरांतून आपांना पत्रं पाठवतात.

आमच्याकडे गाडी सुरू करायची एक रीत होती. गाड्या रात्री शाळेवरच्या उतारावर लावायच्या, चाकाला दगड. पहाटे दगड काढला, गाडी घरंगळली, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन जागं. स्टार्टरला कोण विचारतो. पण एक नोव्हेंबरपासून नवा मोटारस्टँड झाला, सपाट, सिमेंटचा, पांढऱ्या रेघा मारलेला. गाड्या तिथंच लावायच्या, नंबरानं निघायचं, आणि नंबर पुकारल्यावर दहा मिनिटांत गाडी सुरू झाली नाही तर रांगेत शेवटी.

पहिल्याच दिवशी जेठी रुसली. बटण दाबलं की 'कुंऽऽई' असा एक रडका आवाज, मग नुसतं 'टक'. दुपारी ऊन आलं की कधी सुरू व्हायची, कधी नाही. आपांनी नवी बॅटरी आणली, तरी तेच. हँडल लावून चारपाच हिसके मारले की सुरू व्हायची, पण आठवड्याभरात हँडलनं उलटा झटका दिला आणि आपांचं मनगट सुजून भोपळा झालं. ड्रायव्हर हात गळ्यात बांधून गाडीला विनवण्या करतोय हे बघून प्रवासी हळूच पुढच्या गाडीकडे सरकायचे.

त्या दिवसांत मी रोज आपांच्या शेजारी बसायचे, त्यांच्या दुखऱ्या हाताच्या वाटचा चोक ओढायला. काचेवर हिव गोठलेलं असायचं, माझी बोटं निळी पडायची. पण आपांचं पाचसहा वेळा बटण दाबून झालं की चोकची दांडी छान कोमट लागायची. एकदा तर चटकाच बसला. मी मनात म्हणायचे, बघा, आत्या रुसली तरी भाचीची बोटं शेकते. लाड समजून मी तो पुरावा दहा दिवस हातात धरून बसले होते. असो, ते पुढं.

मग आपांनी जेठी लाक्पाकाकांकडे नेली. स्टार्टरची जुनी तार काकांनीच ऑगस्टमध्ये नव्यानं भरली होती. त्यांनी स्टार्टर काढला, टेबलावर पकडीत आवळला, बॅटरी जोडली. स्टार्टर असा गरगरला की टेबल थरथरलं. पुन्हा गाडीत बसवला तर 'कुंऽऽई'. पुन्हा काढला, टेबलावर वाघ. पुन्हा गाडीत, मांजर. तेव्हा आपांनी तीस वर्षांच्या मित्राला भर चौकात सुनावलं, "टेबलावर दाखवतोस एक आणि गाडीत बसवतोस दुसरा. कोलकात्याचे शौकीन असले भाग शोधत फिरतात, ते मला माहीत नाही का? कितीला विकलास?"

काकांनी दार ओढून घेतलं. आपांनी पलीकडच्या देशात पाऊल न टाकायची शपथ सगळ्या घराला घातली, आणि घरी येऊन सिलिगुडीच्या घोषबाबूंना फोन केला. घोषबाबूंचं हॉटेल आहे. त्यांना जेठी हिरवळीवर उभी करायची होती, इंजिन काढून त्या जागी गोंड्याची रोपं लावायला. आजवर तीनदा आपांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. या वेळी म्हणाले, शनिवारी घेऊन जा.

काकांना विचारून आले तो मंगळवार होता. टॉर्च तोंडात धरून मी जेठीखाली सरपटत गेले. खालचं सगळं इतकं काळंभोर चकाकत होतं की टॉर्चच्या उजेडात मला माझंच नाक दिसलं. मान वाकडी करकरून स्टार्टरच्या मागच्या अंगाला आरसा धरला.

चंद्रकोर होती.

३

म्हणजे चोरी झालीच नव्हती. मग एकच स्टार्टर टेबलावर वाघ आणि गाडीत मांजर कसा?

मी आपांना सांगायला गेले. ते म्हणाले, कोर काय, कुणीही कोरतं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते जेठीच्या बॉनेटवरचं दव बाहीनं पुसत राहिले. विकायला काढलेल्या गाडीचं दव कुणी पुसतं का?

दुसरा संशयित छिरिंगदाजू, दाजू म्हणजे दादा. जेठीच्या मागचा नंबर त्याचा, आणि त्याच्याकडे नवी जीप. जेठी मागं पडली की तो पुढं. डोल्माचा ठाम तर्क असा की त्यानं रात्री आमची नवी बॅटरी काढून तशीच दिसणारी मेलेली बॅटरी बसवली. डोल्मा पोलिसात गेली तर अर्धं गाव आत असेल.

छिरिंगदाजू चहाच्या टपरीवर वाईवाईच्या नूडल्सचं सूप खात होता. मी सरळ विचारलं. तोंडातलं न गिळताच तो हसला आणि म्हणाला, "अगं वकीलसाहेब, तुझ्या आपानंच मला हा घाट शिकवला. पहिल्या वर्षी माझी गाडी कैंयाकाट्यापाशी दरीकडे घसरली तेव्हा जेठीनं दोर लावून ओढली. मी तिची बॅटरी चोरीन?" मग उठलाच. पान्हा आणला, जेठीची बॅटरी काढली आणि स्वतःच्या जीपमध्ये जोडली.

जीप पहिल्या हाकेला उठली. बॅटरी ठणठणीत.

"आता सांग," तो हात पुसत म्हणाला, "मी गुन्हेगार की साक्षीदार?"

मी वहीत लिहिलं: स्टार्टर निर्दोष. बॅटरी निर्दोष. छिरिंगदाजू निर्दोष, पण सूप खाताना आवाज करतो.

उरलं पेट्रोल आणि ठिणगी. स्मारिकाचं म्हणणं, पंपवाल्यानं पाणी मिसळलं असणार. हे तपासायला मला एकच मार्ग दिसला, आणि त्याला आमानं, म्हणजे आईनं, मला सक्त मनाई केली होती.

४

गुरुवारी सकाळी आमा दूध आणायला गेली तशी मी सीटखालून हँडल काढलं.

हँडल धरायची एक रीत आहे, बाजेंनी आपांना शिकवलेली आणि आपांनी घाईत विसरलेली: अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि फक्त खालून वर ओढायचं. झटका आला तर हँडल हातातून सुटतं, मनगट वाचतं. डोल्मा आत बसली होती, चावी फिरवून, चोक ओढून. स्मारिका देवाचं नाव घेत होती, कुठल्या देवाचं ते तिचं तिला ठाऊक.

मी ओढलं. एकदाच.

जेठी खोकली, शिंकली आणि गुरगुरायला लागली. तो आवाज माझ्या दंडातून डोक्यापर्यंत चढला. सत्तर वर्षांची बाई, शून्याच्या जवळची थंडी, आणि नववीतल्या मुलीनं दिलेला एक हिसका, तेवढ्यानं ती उठून उभी! मी बॉनेटला मिठी मारली. माझ्या स्वेटरला अजून त्या सकाळचा वास आहे.

आमा दुधाची बरणी घेऊन मागं उभी होती हे मला जरा उशिरा कळलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुझे बाजे अस्सेच उभे राहायचे." आणि घरात गेली.

पण बघा काय सिद्ध झालं. पेट्रोलमध्ये पाणी असतं तर एका हिसक्यात गाडी उठली नसती. ठिणगी मेली असती तरीही नाही. म्हणजे इंजिन निर्दोष, बॅटरी निर्दोष, स्टार्टर निर्दोष. सगळे साक्षीदार खरे बोलत होते आणि तरी रोज सकाळी गुन्हा घडत होता.

शाळा सुटल्यावर मी पुन्हा वीस पावलं चालून गेले. या वेळी पैजेशिवाय.

लाक्पाकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलवली. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा स्टार्टर टेबलावर होता, तो त्यांनी पकडीत आवळला आणि माझ्या देखत बॅटरी जोडली. एक जाड तार स्टार्टरच्या बोल्टला. दुसरी जाड तार स्टार्टरच्या नुसत्या अंगाला, उघड्या लोखंडाला. गर्रकन फिरला. मग त्यांनी दुसरी तार काढली. थांबला. लावली, फिरला. काढली, थांबला. माझ्याकडे न बघता चारपाच वेळा हेच.

मी म्हटलं, "काका, जेठीत स्टार्टरला एकच जाड तार येते. दुसरी कुठंय?"

त्यांचं छुर्पी चावणं थांबलं. "दहा दिवसांत हा प्रश्न विचारणारी तू पहिली."

"मग सांगा ना."

"मी सांगितलं तर तुझा आपा म्हणेल, ज्यानं लपवली त्यालाच जागा ठाऊक. मला त्यानं गाडीखाली नीट बघूच दिलं नाही, मी अंदाज बांधलाय. पण तो मी बोललो की चोराचा कबुलीजबाब होतो. तू शोधलंस तर ते शोधणं होईल." त्यांनी तारा गुंडाळल्या. "वीज म्हणजे आपल्या गाड्यांसारखी आहे, कांछी. वर गेली की संध्याकाळी घरी परत यावी लागते. परतीचा रस्ता बघ."

५

परतीचा रस्ता.

शुक्रवारी विज्ञानाच्या तासाला मी फळ्यावरच्या दिव्याच्या आकृतीकडे बघत होते आणि मला जुलै आठवत होता. जुलैत खाली दरड कोसळली होती. वर गेलेले प्रवासी अडकले. मोठा रस्ता बंद म्हणून सगळे शेळ्यांच्या पाऊलवाटेनं उतरायला लागले, आणि त्या हातभर वाटेवर इतकी गर्दी झाली की माणसं एकमेकांच्या अंगाला घासून घामेजली, भर पावसातसुद्धा.

हातभर वाट. गर्दी. गरम.

चोकची दांडी!

मी हे वर्गात मोठ्यानं म्हटलं, त्याबद्दल मला बाकावर उभं करण्यात आलं. उभ्याउभ्याच मी उरलेलं जुळवलं. बॅटरीची एक तार स्टार्टरला, दुसरी गाडीच्या सांगाड्याला. स्टार्टर इंजिनला जखडलेला. वीज स्टार्टर फिरवून इंजिनच्या लोखंडात उतरते, आणि तिथून सांगाड्यात शिरून बॅटरीकडे परतते. पण इंजिन सांगाड्यावर थेट बसत नाही. थरथर लागू नये म्हणून खाली रबराच्या गाद्या असतात, आणि रबर विजेला वाट देत नाही. म्हणजे इंजिनातून सांगाड्यात यायला कुठंतरी एक पूल असला पाहिजे. तो पूल बंद पडला असला तर बिचारी वीज मिळेल त्या पाऊलवाटेनं परतणार. इंजिनापासून आपल्या सीटसमोर येणारी लोखंडी पाऊलवाट कुठली? चोकची बारीक तार. म्हणून ती तापत होती. आत्या लाड करत नव्हती, आत्या कण्हत होती.

हँडल फिरवताना एवढी वीज लागतच नाही, म्हणून गाडी उठायची. टेबलावर काका दुसरी तार थेट अंगाला लावायचे, म्हणून स्टार्टर वाघ व्हायचा. दुपारी इंजिनातलं तेल पातळ असायचं, कमी जोर लागायचा. सगळे तुकडे बसले. प्रश्न एकच राहिला: पूल कुणी तोडला?

संध्याकाळी पुन्हा गाडीखाली गेले. इंजिन आणि सांगाड्याच्या मध्ये एक चपटी पट्टी होती, तांब्याच्या तारांची विणलेली, हुबेहूब वेणी. तुटली नव्हती. सुटली नव्हती. दोन्ही टोकांचे बोल्ट घट्ट होते. मग? मी टॉर्च जवळ नेला, आणि पुन्हा मला त्या चकाकत्या काळ्या रंगात माझं नाक दिसलं.

घरात आले. आपा चुलीपाशी बसले होते. आमानं त्यांच्या पेल्यात चहा ओतला, मोठ्या लाल थर्मासमधून.

तो थर्मास आम्हाला सप्टेंबरात मिळाला, विश्वकर्मा पूजेला. त्या दिवशी गावातलं एकही चाक फिरत नाही, एकही पान्हा उचलला जात नाही. गाड्यांना हार, खादाचं रेशमी वस्त्र, टिळा. पूजेआधी गाडीवर गंजाचा ठिपका राहिला तर वर्षभर विश्वकर्म्याचं तोंड वाकडं, असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि सगळ्यात सजलेल्या गाडीला ड्रायव्हरांची संघटना बक्षीस देते. या वर्षीचं जेठीला.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमा, पूजेआधी जेठीला रंग कुणी दिला होता?"

"हे काय विचारणं झालं," आमा म्हणाली. "तीन दिवस तुझे आपा गाडीखाली. जेवणसुद्धा तिथंच सरकवायचे मी, मांजराला देतात तसं. एकेक नट काढून, खाली तीन हात, वर तीन हात. म्हणाले, माझ्या बहिणीच्या अंगावर मळकं चिरगुटसुद्धा राहायला नको."

आपा आठवड्यात पहिल्यांदाच हसले. "तीन नाही, चार हात."

मी माझा पेला खाली ठेवला. गुन्हेगार माझ्यासमोर बसला होता, आणि त्याच्या हातात बक्षिसाचा चहा होता.

६

रात्रभर मी एकच विचार केला. हे सांगायचं कसं? भर चौकात सांगितलं तर आपांनी लाक्पाकाकांचं जे केलं तेच मी आपांचं करणार. न सांगितलं तर जेठीच्या पोटात गोंडा.

शनिवारी घोषबाबू आले, मोठी ट्रक आणि दोन माणसं घेऊन. भला माणूस, गोल टोपी, आमाला नमस्कार करून तळलेली गोड सेलरोटी मागून घेतली. स्टँडवर छिरिंगदाजूसकट सगळे ड्रायव्हर खिशात हात घालून उभे होते, मयताला उभे राहतात तसे. नाल्यापलीकडे लाक्पाकाका पाठमोरे बसून काहीतरी कानसत होते. कानशीचा आवाज इथवर येत होता.

मी आपांजवळ गेले. म्हटलं, "आपा, जायच्या आधी शेवटचं एकदा बटण दाबाल? माझ्यासाठी."

ते आत बसले. मी छिरिंगदाजूकडून जोडतारेचा, म्हणजे दोन टोकांना चिमटे असलेल्या जाड तारेचा, एक पदर मागून घेतला. त्याचा एक चिमटा बॅटरीच्या त्या टोकाला लावला जिथून तार सांगाड्याला जाते. दुसरा इंजिनवरच्या एका उघड्या बोल्टला. मी मान हलवली.

आपांनी बटण दाबलं. कसलं कुंई आणि कसलं टक. जेठी अशी दणक्यात सुरू झाली की घोषबाबूंच्या हातातली सेलरोटी पडली. आपांनी घाबरून बंदच केली. मी चिमटा काढला. पुन्हा दाबा. 'कुंऽऽई, टक.' चिमटा लावला. वाघ. काढला. मांजर. लाक्पाकाकांनी टेबलावर केलं होतं तसंच, चार वेळा.

पलीकडची कानस थांबली होती.

आपा खाली उतरले. माझ्या हातातल्या तारेकडे बघितलं, मग बॅटरीकडे, मग इंजिनकडे. तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस आहे, त्याला फार सांगावं लागत नाही. मी फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "वेणी आहे ना खाली, तांब्याची. ती तुम्ही काढलीत, तिच्याखाली रंग दिलात, तिला रंग दिलात, आणि घट्ट बसवलीत. इतका सुंदर रंग, आपा, की त्यातून वीजसुद्धा जाईना. उतारावर कुणाला कळलं नाही. सपाटीवर आल्यावर कळलं."

त्यांचा चेहरा मला कधीच विसरता येणार नाही. कुणी अंगावर ओरडलं असतं तर बरं, असा.

मग ते वाकले. गळ्यातली झोळी सोडली, मनगटाची सूज उतरली होतीच, एका हातात टॉर्च घेतला आणि दुसऱ्यानं पॉलिशपेपर माझ्याकडे केला. "तू जा खाली. मी उजेड धरतो."

मी वेणीचे दोन्ही बोल्ट काढले, खालचा रंग खरवडला, वेणीची टोकं घासली, तोवर घासली जोवर तांबं देवघरातल्या दिव्यासारखं लाल दिसलं. चार हात खरंच होते. एवढं जीव लावून दिलेलं काम खरवडताना मला वाईट वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू. माझ्या डोळ्यांत रंगाचे कण जात होते.

बोल्ट आवळले. मी बाहेर आले. आपांनी स्वतः जोडतारेशिवाय बटण दाबलं.

जेठी उठली. मी चोकच्या दांडीला हात लावला. थंडगार. इतकी गोड थंडी मी आयुष्यात अनुभवलेली नाही.

ड्रायव्हर लोकांनी मला उचललंच. छिरिंगदाजू म्हणाला, आता या वकीलबाईंना फी म्हणून माझा नंबर देतो, आज जेठी पुढं. घोषबाबू गाडीभोवती एक फेरी मारून आले, बॉनेटवर हात ठेवून इंजिनची धडधड ऐकत राहिले. म्हणाले, असल्या इंजिनात फुलं लावली तर माझा बाप स्वर्गातून उतरून थोबाडीत देईल. ट्रक रिकामी जाऊ दे, मला वर डोंगरात टोंगलूपर्यंत नेऊन आणता का?

आपांनी मान हलवली, हो म्हणून. पण गाडीत बसले नाहीत. ते नाल्याकडे बघत होते. लाक्पाकाका अजून पाठमोरेच होते, कानस मांडीवर, मान किंचित या बाजूला वळलेली. जेठीचा आवाज तीस वर्षं ज्यानं जुळवला, त्याला तो वीस पावलांवरून ओळखू येणार नाही का? दोघंही एकमेकांना ऐकत होते आणि मधला पूल कुणी ओलांडत नव्हतं. आपा पुटपुटले की संध्याकाळी बघू, आता प्रवासी आहेत. आमा थर्मास छातीशी धरून उभी. मला कळलं, संध्याकाळ कधीच येणार नाही. तिथंही चार हात रंग चढेल.

मी बॉनेटवर चढून बसले. दार्जिलिंगच्या स्टेजवर माइक होता, आज नव्हता.

"आपा, आमा, मी ठरवलंय. दर रविवारी मी लाक्पाकाकांकडे काम शिकायला जाणार. त्यांना अजून विचारलेलं नाही. घोषबाबू पाच मिनिटं थांबतील. विचारायला आपण तिघं आत्ताच जायचंय, जेठीतून, पुलावरून, आणि गाडी आपा चालवणार. थर्मास आमानं घ्यायचा. तो मात्र परत आणायचा नाही."